म्हशीवर क्लिक, गाईचा हिशेब

डेमो एका दूध संघात होता. समोर अध्यक्ष, संकलन विभागाचे दोघं आणि आमचा टीम लीड. चार्टवर दोन रेषा, गाय आणि म्हैस. ठिपक्यावर क्लिक केलं की त्या दिवसाचं संकलन, फॅट, एसएनएफ, दर उघडायचं. अध्यक्षांनी स्वतः माऊस हातात घेतला आणि म्हशीच्या ठिपक्यावर क्लिक केलं. चौकटीत फॅट आलं ३.६. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, म्हशीला ३.६ फॅट लागाय लागलं तर संघाला कुलूपच घालायचं की ओ!" सगळे हसले. टीम लीड जरा जास्तच.

वर सगळ्यांदेखत मला म्हणाला, "अरे, बेसिक टेस्टिंग तरी करायचं." आदल्या संध्याकाळी "माऊस नेला की दोन्ही आकडे एकदम दिसू देत" असा फोन कुणी केला होता? यानेच. मी चार्टजेएसच्या इंटरॅक्शनमध्ये मोड इंडेक्स केला, इंटरसेक्ट फॉल्स केलं, स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा अंगठा आला. तो अजून चॅटमध्ये आहे.

आणि टेस्टिंग मी केलं होतं. म्हैस नीट दिसावी म्हणून लेजंडमधून गाय लपवून केलं, तिथेच फसलो. चार्टजेएसमध्ये इंटरॅक्शनची सेटिंग एकट्या टूलटिपची नसते. होव्हरला वेगळं काही दिलं नसेल तर ऑनक्लिकच्या हाती येणारी यादीही तिच्यावरच ठरते. इंडेक्स मोडमध्ये त्या तारखेचे सगळे ठिपके येतात, डेटासेटच्या क्रमाने. मी डोळे मिटून एलिमेंट्समधला शून्य क्रमांकाचा घेत होतो आणि तिथे कायम गाय. गाय लपवली की त्या जागी म्हैस येते, म्हणून माझ्याकडे सगळं बरोबर. हे डोक्यात शिरलं ते परतताना, पेठ नाक्याजवळ. गाडीत टीम लीड शेजारीच घोरत होता.

तेव्हा टूलटिपचा मोड टूलटिपखालीच लिहा, सरसकट इंटरॅक्शनमध्ये नको. ऑनक्लिकमध्ये गेटएलिमेंट्सअ‍ॅटइव्हेंटफॉरमोडला नीअरेस्ट आणि इंटरसेक्ट ट्रू देऊन पुन्हा विचारा, आणि इंडेक्सबरोबर डेटासेटइंडेक्सही वाचा. मोकळ्या जागेवर क्लिक झालं तर यादी रिकामी येते, ते आधी तपासा. ठिपक्याची त्रिज्या मुळात ३ पिक्सेल आणि हिट रेडियस १. टॅबवर बोटाला ते सापडत नाही, मी हिट रेडियसचं १२ केलं. नोंदीचा आयडी ठिपक्याच्या डेटातच ठेवा. इंडेक्स घेऊन बाहेरच्या अ‍ॅरेत शोधत बसाल आणि कुणीतरी मधेच सॉर्ट लावेल. नेटवरच्या जुन्या उत्तरांत अंडरस्कोर इंडेक्स दिसेल, ते उचलू नका, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते चालत नाही. टेस्टिंग सगळ्या रेषा चालू ठेवून करा. बाकी वेळेवर झोपा, कोड रिव्ह्यू करून घ्या वगैरे आहेच.

आणि आयत्या वेळी बदल सांगणाऱ्याकडून मेल घ्या. अंगठा कुणी पुरावा म्हणून धरत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती, त्याच रात्री केली. रिलीज नोट टीम लीडने लिहिली : 'डेव्हलपरची चूक सुधारली.'