केंद्रकाभोवतीचे पटल आणि भेंडीचा केवडा

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून त्यांचे जाळे उठून दिसू लागले, म्हणजे ग्रामकार्यकर्त्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "यावर कोणते औषध मारावयाचे?" केवडा पडलेले झाड बरे करील असे औषध नाही, एवढे सांगून कार्यकर्ता मोकळा होतो. उत्तर बरोबर आहे. परंतु तेवढ्याने शेतकऱ्याचे समाधान होत नाही व तो दुकानातून काही तरी आणून फवारतोच. औषध का नाही हे त्यास पटवून द्यावयाचे, तर वनस्पतीच्या पेशीत डोकावून तिच्या केंद्रकाभोवतीच्या पटलाची ओळख करून घेतली पाहिजे.

कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतील बाजूचा पातळ पापुद्रा सोलून काचेच्या पट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा आणि त्यावर पाणी घालून सौम्य केलेल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी ओळीने दिसतात. प्रत्येकीत तपकिरी झाक असलेला एक वाटोळा ठिपका असतो. तो केंद्रक होय. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किडच्या पेशी तपासताना या ठिपक्यास नाव दिले. झाडाची उंची, फुलाचा रंग, फळाचा आकार या सर्वांविषयीच्या सूचना डी.एन.ए. नावाच्या द्रव्याच्या रूपाने बहुतांशी येथेच साठविलेल्या असतात.

ठिपक्याची कड आपणांस दिसते, परंतु कडेचे पटल मात्र या सूक्ष्मदर्शकाने उलगडत नाही. कारण त्याची जाडी मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास असते. हे पटल एकेरी नाही. दोन पापुद्रे व त्यांच्यामध्ये बारीक फट, अशी त्याची रचना असून बाहेरचा पापुद्रा पेशीद्रवात पसरलेल्या पटलांच्या जाळ्याशी सलग जोडलेला असतो. १९५० साली कॅलन व टॉमलिन यांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींतील केंद्रकपटल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा त्यात छिद्रे असल्याचे आढळले. वनस्पतींच्या पेशींतही तशीच छिद्रे असतात.

काही पुस्तकांत या पटलास केंद्रकाची भिंत म्हटलेले आढळते. ती कल्पना सोडून द्यावी हे बरे. बाजार समितीच्या फाटकाची उपमा त्यास अधिक शोभते. पायी माणूस फाटकातून सहज ये-जा करतो, परंतु भरलेली गाडी पावती पाहिल्यावाचून सोडीत नाहीत. पटलाच्या छिद्रांतही प्रथिनांच्या तंतूंची जाळी असते. पाणी, क्षार, साखर असे लहान कण तिच्यातून आपोआप जातात. मोठ्या प्रथिनास आत जावयाचे असेल, तर त्याच्या अंगावर ठरावीक खूण असावी लागते. ती ओळखून वाहक प्रथिने त्यास आत नेतात. केंद्रकातील सूचनांच्या नकला, म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए., याच छिद्रांतून बाहेर पडतात व बाहेर पेशीद्रवात त्यांच्या बरहुकूम प्रथिने तयार होतात.

पेशीचे विभाजन होते तेव्हा हे पटल विस्कटते आणि दोन नवी केंद्रके बनताना पुन्हा जुळते. कडधान्यांच्या मुळांत त्याचे आणखी एक काम दिसते. रायझोबियम जिवाणूचा रासायनिक संकेत मुळाच्या केसांस मिळाला, की दोन पापुद्र्यांमधील फटीतून कॅल्शियम बाहेर सुटते व पुन्हा आत ओढले जाते, असे ठोक्याठोक्याने चालू राहते. या पटलातील कॅल्शियमचे मार्ग ज्या रोपांत बिघडलेले असतात, त्यांच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. हरभऱ्याच्या बियाण्यास आपण जिवाणू संवर्धन लावतो, त्याचे फळ या पटलाच्या कामावरही अवलंबून असते.

आता केवड्याकडे वळू. या रोगाचा विषाणू पांढरी माशी आणते. रोगट झाडाचा रस शोषलेली माशी निरोगी झाडावर बसली, की तिच्या सोंडेवाटे विषाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत उतरतो. त्याच्या आवरणातील प्रथिनावर केंद्रकात प्रवेश मिळविणारी खूण असते. थोडक्यात, त्याच्यापाशी खोटी पावती आहे! फाटकावर ती खरी मानली जाते व विषाणूचे डी.एन.ए. आत पोहोचते. स्वतःच्या नकला काढण्याची यंत्रसामग्री या विषाणूजवळ नसते. तो झाडाचीच यंत्रसामग्री वापरतो. वाढ पुरी झालेल्या पेशीत हे काम थांबलेले असते, तेही तो पुन्हा चालू करवितो. मूग व उडदावरील पिवळ्या मोझॅकचे विषाणू याच घराण्यातले. त्यांच्याजवळ तर तयार झालेले डी.एन.ए. केंद्रकाबाहेर आणणारे वेगळे प्रथिनही असते.

फवारलेल्या औषधाचा उपयोग का होत नाही, हे यावरून समजते. बुरशीनाशक बुरशीवर चालते, येथे बुरशी नाही. कीटकनाशकाने माशी मरते, परंतु केंद्रकात शिरलेला विषाणू जेथल्या तेथेच राहतो. नकला काढणारी सामग्री झाडाचीच असल्यामुळे तिच्यावर घाव घालणारे द्रव्य झाडासही मारक ठरेल.

म्हणून जे करावयाचे ते विषाणू पेशीत पोहोचण्यापूर्वीच केले पाहिजे. पेरणीसाठी केवड्यास प्रतिकारक अशी शिफारस केलेली जात निवडावी. मात्र प्रतिकारशक्ती कायम टिकत नसल्याने जुन्या जातीवर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या, पिवळ्या पडलेल्या भेंडीच्या शेजारी नवी भेंडी पेरू नये, आणि बांधावरील तण काढून टाकावे. उगवणीनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. या काळात पिवळे चिकट सापळे लावून माशीवर नजर ठेवावी, पानांची खालची बाजू उलटून पाहावी व माशी वाढलेली दिसली तरच शिफारशीप्रमाणे कीटकनाशक वापरावे. एखाद-दुसरे झाड पिवळे दिसताच ते त्याच दिवशी उपटून पुरावे किंवा जाळावे. एकदा विषाणू अंगात भिनलेली माशी पुढे बरेच दिवस रोग पसरवीत फिरते, तेव्हा "आठवडाभर वाट पाहू" म्हणणे परवडत नाही. निम्मे शेत पिवळे झाल्यावर मात्र झाडे उपटण्यात फारसा अर्थ उरत नाही. जी फळे मिळतील ती तोडून घ्यावी आणि पीक संपताच शेत साफ करावे.