जुन्या पिकप गाडीत दुसरे इंजिन व त्याच्या थंडाव्याची सोय

भाजीपाला, कांदा, चारा व खताच्या गोण्या यांची ने-आण करणारी पिकप गाडी आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगणात उभी असते. तिचा सांगाडा वीस-पंचवीस वर्षे टिकतो. इंजिन मात्र त्याआधीच धूर ओकू लागते. अशा वेळी मोडीच्या बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवावे, हा सल्ला प्रत्येक गॅरेजात फुकट मिळतो. तो सर्वस्वी चुकीचा नव्हे. परंतु इंजिन बदलले की त्यात उत्पन्न होणारी उष्णताही बदलते, आणि ती बाहेर नेणारी व्यवस्था मात्र जुनीच राहते, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. इंजिनाचा खर्च केल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात हेड वाकून सारे पैसे बुडाल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. सबब या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे अवश्य वाटते.

हा उद्योग विशेष भरास आला तो अमेरिकेत. शेव्हरोले कंपनीने 1955 साली आठ सिलिंडरांचे जे आटोपशीर इंजिन काढले, ते पुढे नाना तऱ्हेच्या जुन्या गाड्यांत बसविले गेले; आणि 1999 पासून त्याच कंपनीच्या पिकपांत आलेली 4.8 व 5.3 लिटरची इंजिने मोडीतून काढून 1967 ते 1972 च्या पिकपांत बसविण्याचा तेथे प्रघात आहे. आपल्याकडे महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपांत व जीपवजा गाड्यांत 2112 घन सेंटिमीटरचे प्यूजो जातीचे, अथवा 2523 घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन बसविले गेले. इंजिन जागेवर बसले, गिअरपेटीशी जुळले, म्हणजे काम संपले असे उभय देशांतील हौशी मंडळींस वाटते. वास्तविक तेव्हा ते निम्मेच झालेले असते.

प्रथम हिशेब पाहू. एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे 10 युनिट उष्णता निर्माण होते. माल भरलेली गाडी घाट चढताना तासाला 8 लिटर या गतीने डिझेल खात असेल, तर ताशी 80 युनिट झाले. यातील स्थूलमानाने एकतृतीयांश चाकांच्या कामी येते, तितकेच धुरावाटे जाते, आणि 24 युनिटांच्या आसपास उष्णता पाण्यात उतरते. घरात पाणी तापविण्याचे दोन हजार वॅटचे बारा हीटर एकदम लावावेत, तशी ही स्थिती होय. ही उष्णता रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेने वाहून न्यावयाची. हवा 30 अंशांनी तापते असे धरले, तर दर सेकंदास पाऊण किलोहून अधिक हवा जाळीतून गेली पाहिजे. लहान इंजिनाचा जुना रेडिएटर मोठ्या इंजिनास का पुरत नाही, हे येथे वाचकांच्या ध्यानात येईल.

आता पंखा. जुन्या गाड्यांत तो वॉटर पंपाच्या दांड्यावर बसविलेला असून बेल्टाने फिरतो. म्हणजे इंजिन संथ असेल तेव्हा तोही संथ. बाजार समितीच्या दारात रांगेत उभे असताना वारा हवा असतो, तेव्हा पंखा आळसावलेला. आणि हमरस्त्यावर गाडीच्या वेगानेच भरपूर हवा येत असते, तेव्हा तो उगाच जोराने फिरतो. शिवाय पंख्याचे फेरे दुप्पट झाले तर हवा दुप्पट मिळते, पण त्यास लागणारी शक्ती आठपट होते. ही उधळपट्टी टाळण्यासाठीच सिलिकॉन तेलाचा क्लच असलेला पंखा व पुढे विजेचा पंखा निघाला. अमेरिकेतील शेव्हरोलेच्या हलक्या पिकपांनी 2005 च्या मॉडेलापासून विजेचे पंखे स्वीकारले, आणि मोडीतील तीच जोडी आता तेथील जुन्या गाड्यांत जाऊन बसते.

तथापि पंखा बदलण्यापूर्वी गाडी केव्हा तापते ते पाहावे. उभी असताना किंवा रांगत जाताना तापते, पण वेग घेताच काटा खाली येतो, तर दोष पंख्याचा अथवा त्याभोवतीच्या पत्र्याच्या घेराचा समजावा. वेगात किंवा चढावर तापते आणि उभी राहिल्यास निवते, तर पंखा निर्दोष असून रेडिएटर लहान वा चोंदलेला आहे, किंवा खालचा रबरी नळ आत चिपतो आहे, असे मानण्यास हरकत नाही. या दुसऱ्या रोगावर विजेचा पंखा बसविणे म्हणजे पैसे दवडणे होय.

एका बागाईतदाराच्या गाडीची हकीकत येथे देणे उपयुक्त होईल. इंजिन बदलल्यावर त्याची गाडी उभी असताना ठीक राही, आणि वीस मैलांचा वेग घेतला की उकळे. दोन रेडिएटर झाले, टोमॅटोच्या दोन खेपा रस्त्यात नासल्या. शेवटी कोणीतरी जाळीपुढे कागदाचा कपटा धरला, तो जाळीस चिकटण्याऐवजी बाहेर उडाला! नव्या इंजिनाचा पट्टा वॉटर पंपास पाठीकडून वळसा घालीत असल्यामुळे पंप व पंखा उलट दिशेने फिरत होते, आणि पंखा मात्र जुन्याच घडणीचा होता. गाडी उभी असता उलट वारा कसाबसा काम करी. चालू लागताच समोरून येणारी हवा व पंख्याची हवा यांची टक्कर होई. पंखा काढून पालथा बसविल्यानेही अशा वेळी वाऱ्याची दिशा बदलत नाही. उलट फिरणाऱ्या पंपास त्याच दिशेचा पंखा हवा. कपट्याची ही परीक्षा प्रत्येकाने करावी. तिला खर्च नाही.

विजेचा पंखा घ्यावयाचाच, तर आधी विजेची शिल्लक मोजावी. चांगला पंखा 25 अँपिअरपर्यंत वीज ओढतो. जुना डायनॅमो बावीस-पंचवीस अँपिअरच देतो, आणि रात्री दिव्यांचे नऊ-दहा निराळे. अर्थात आधी मोठा अल्टरनेटर, मग पंखा. तार जाड असावी, फ्यूज व रिले अवश्य असावेत. साध्या बटनावर पंखा चालविल्यास बटन जळते. पंखा सुरू करणारा तापमापी स्विच थर्मोस्टॅट उघडण्याच्या अंशापेक्षा वरच्या अंशाचा निवडावा: थर्मोस्टॅट 82 अंशांवर उघडत असेल, तर स्विच 92 च्या सुमाराचा ठीक. खालचा घेतल्यास पंखा दिवसभर थांबत नाही. थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची जी चाल आहे ती आम्हांस मुळीच मान्य नाही. इंजिन थंड राहून डिझेल जास्त जाते व सिलिंडर झिजतात.

विहिरीचे जड पाणी रेडिएटरात घालू नये. क्षार बसून नळ्या बुजतात. शीतक व शुद्ध पाणी समभाग घ्यावे. झाकणही जपावे: 0.9 बार दाबाच्या चांगल्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांवर उकळते, आणि झाकण सैल असल्यास महाबळेश्वरच्या उंचीवर ते शंभरच्याही आधी उकळू लागते. तापलेले झाकण मात्र कदापि उघडू नये.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. आम्ही महसूल खात्यात फेरफारांच्या नोंदी करण्यात आयुष्य घालविले, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. जमिनीप्रमाणे गाडीचाही फेरफार असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणीपत्रातील वर्णन निर्मात्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठरविले. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन मंजुरी घ्यावी, आणि दुसरे इंजिन होता होईल तो त्याच बनावटीचे व जातीचे पाहावे. मोडीतून घेताना विक्रेत्याची पावती व इंजिनाचा क्रमांक हे दोन्ही जपून ठेवावे. क्रमांक जुळला नाही तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करण्यास मोकळी होते.

काम झाल्यावर गाडी रिकामी फिरवून समाधान मानू नये. दुपारच्या उन्हात नेहमीइतके ओझे भरून एक चढ चढावा, माथ्यावर इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे थांबावे, आणि पंखा केव्हा सुरू होतो व केव्हा थांबतो हे काट्याशी ताडून वहीत लिहून ठेवावे.