दातांच्या मुळाशी

डोंबिवलीच्या ज्या शाळेत माझ्या नोकरीची अखेरची वर्षे गेली, तेथे एक वयस्क शिपाई होते. मुले त्यांना काका म्हणत. मीही काकाच म्हणे. सकाळी शाळेच्या नळावर मशेरी लावून ते चूळ भरीत, तेव्हा तिच्यात लाल झाक दिसे. "हिरड्या कच्च्या आहेत, सर. आमच्या घराण्यातच आहे ते," असे म्हणून ते हसत. दात दुखत नव्हते. मग काळजी कसली?

पुढे काकांना मधुमेह असल्याचे कळले. पथ्य झाले, गोळ्या झाल्या, तरी रक्तातील साखर म्हणावी तशी उतरेना. पायाच्या अंगठ्याची लहानशी जखमही भरून येईना. अखेर कल्याणच्या एका डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडावयास सांगितले. पायाच्या तक्रारीसाठी तोंड कशाला, हे कोडे काकांना पडले, तसेच मलाही पडले.

मुलांनो, आपल्या दातांवर नित्य एक चिकट थर साचत असतो. ती जंतूंची वस्तीच होय. हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनी १६८३ साली दातांवरचा मळ भिंगाखाली धरला, तेव्हा त्यांना त्यात चिमुकले जीव हालताना दिसले. हा थर काढला नाही, तर काही दिवसांत तो टणक होऊ लागतो. त्यास आपण कीटण म्हणतो. जंतूंना हटविण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी हिरडीकडे धाव घेतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. यालाच दाह म्हणतात. दाह हा मुळात शत्रू नव्हे. तो शरीराचा पहारेकरी आहे. बोटात काटा मोडला की सूज येते, काटा निघाला की ती ओसरते. परंतु दातांवरचा हा काटा रोज नव्याने रुततो. पहारेकऱ्यास उसंत मिळत नाही, आणि या अखंड झुंजीत दातास धरून ठेवणारे हाडच झिजू लागते. हिरडी दातापासून सुटून कप्पे पडतात. त्यांची आतली बाजू उघड्या जखमेसारखी असते. एवढी जखम कोपरावर असती, तर आपण स्वस्थ बसलो असतो काय?

ही जखम तोंडापुरती का राहत नाही, ते आता पाहा. ठाण्यास आगगाडी १८५३ साली आली, कल्याणास पुढच्याच वर्षी. कल्याणहून एक मार्ग कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो. तेथे सिग्नल बिघडला, की डोंबिवली-ठाण्याच्या फलाटांवरही माणसे खोळंबतात. रक्ताचे मार्ग असेच सर्वत्र जोडलेले आहेत. चावताना कप्प्यांतील काही जंतू रक्तात शिरतात. शिवाय दाहाच्या जागी निर्माण होणारी द्रव्ये रक्तावाटे दूरवर पोहोचतात आणि साऱ्या शरीरातच मंद दाह सुरू राहतो. अशा वेळी इन्सुलिनचे काम नीट होत नाही व साखर चढते. उलट, साखर चढली म्हणजे हिरड्यांचा रोग बळावतो. हे दोन्ही रोग एकमेकांस बळ देतात.

हिरड्यांचा रोग असलेल्यांत हृदयविकारही अधिक आढळतो. पण एकामुळेच दुसरा होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. तंबाखू तर दोहोंसही कारण होते. येथे सावध असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतील कित्येक डॉक्टर सांधेदुखीपासून मनोविकारापर्यंत अनेक रोगांचे खापर दातांवर फोडीत आणि रोग्यांचे दात उपटून टाकीत. रोग राहिले, दात गेले.

आरंभीची सूज मात्र पुरती बरी होते. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेन्मार्कमधील हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद ठेवावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

काकांचा रोग याच्या पुष्कळ पुढे गेला होता. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. दंतवैद्यांनी कीटण काढले, हिरड्यांखालची मुळे स्वच्छ केली. दोन हलते दात काढावे लागले. मशेरीची डबी सुटण्यास तर वर्ष लागले. साखर काहीशी उतरली. गोळ्या चालूच राहिल्या. अंगठा हळूहळू भरला. त्यात हिरड्यांचा वाटा किती आणि औषधांचा किती, हे डॉक्टरांनाही निश्चित सांगता आले नाही. नळावर चूळ पांढरी पडू लागली, तेव्हा मात्र काकांनी मला हाक मारून ती मुद्दाम दाखविली.