कार्डांची थकबाकी

दहावीच्या वर्षी पाठांतराचा भार हलका करण्यासाठी फ्लॅशकार्डे करावीत आणि ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा विचारून घ्यावीत, हा सल्ला आता शहरांतल्या शिकवणीवर्गांपासून तालुक्याच्या गावांतल्या शाळांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविण्यात आयुष्याचा मोठा भाग ज्याने घालविला, त्या मला तो मनापासून योग्य वाटतो. परंतु माझी भाची दहावीच्या वर्षासाठी आमच्याकडे साताऱ्यास येऊन राहिली असताना, हीच पद्धती एका कष्टाळू आणि बुद्धिमान मुलीस ऐन परीक्षेच्या तोंडावर किती अडचणीत आणू शकते, हे मला अगदी जवळून पाहावयास मिळाले. ज्या घरांत यंदा दहावी-बारावीची मुले आहेत, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो अनुभव तपशिलाने सांगतो.

मात्र त्याआधी या पद्धतीचा पाया समजून घेतला पाहिजे, कारण भाचीचे सारे श्रम त्या पायाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच वाया जाऊ लागले होते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मृतीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग करून. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करावयाच्या, काही काळ लोटू द्यावयाचा, आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करताना मूळ श्रमांपैकी किती वाचतात ते मोजावयाचे, अशी त्याची रीत होती. सुमारे वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि महिन्यानंतर २१ टक्के. म्हणजे विस्मरणाचा मोठा घाला पहिल्या काही तासांतच पडतो आणि पुढे त्याचा वेग मंदावत जातो. त्याच ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे: एका दिवसात सलग केलेल्या ६८ आवर्तनांनी जे साधले, तेच तीन दिवसांवर विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. श्रम जवळजवळ निम्मे, फळ तेच. आणि हा फरक केवळ मध्ये जाऊ दिलेल्या काळाने घडविलेला.

पायाचा दुसरा भाग आठवण्याच्या प्रयत्नाचा आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले, तर काही एकदाच वाचून नंतर पुस्तकाविना आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचलेले उतारेच अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर त्यांपैकी ४२ टक्केच मजकूर शिल्लक होता, आणि आठवून लिहिलेल्यांपैकी मात्र ५६ टक्के. पुस्तक पुन्हा वाचल्याने आपल्याला येत असल्याचे समाधान मिळते, आणि दुर्दैवाने ते समाधान परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकत नाही.

आमच्या पिढीच्या लहानपणी दिवेलागणीनंतर घरोघर परवचा होत असे. शुभंकरोति आणि रामरक्षा झाली की पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असा क्रम चाले. आज अनेकजण त्यास निर्बुद्ध घोकंपट्टी म्हणून नावे ठेवतात. मला ते अन्यायाचे वाटते, कारण समोर पुस्तक न ठेवता रोज आठवून म्हणावयाचे, हे तत्त्व तिच्यात पुरेपूर होते. तिच्यात उणीव होती ती निराळीच. सगळे एकाच क्रमाने म्हटले जात असल्यामुळे सतरा नवे किती असे मध्येच विचारले, की पुष्कळ मुले सतराचा पाढा एकापासून म्हणू लागत आणि मग कोठे १५३ पाशी पोहोचत. फ्लॅशकार्डांची गड्डी पिसता येते, क्रमाचा आधार काढून घेता येतो, आणि येते ते पुढे ढकलून येत नाही त्यावर अधिक वेळ घालविता येतो. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली आपल्या पुस्तकात हीच व्यवस्था कप्प्यांच्या पेटीच्या रूपाने सांगितली: बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात सरकवावयाचे, चुकलेले परत पहिल्या कप्प्यात टाकावयाचे, आणि कप्पा जितका पुढचा तितकी त्याची पाळी उशिरा. पुढे पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक याने हे गणित संगणकावर आणले, आणि २००६ साली आलेल्या ‘अँकी’मुळे ते सर्वांना सुलभ झाले.

आता भाचीची हकीकत. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून तिने कार्डे करावयास घेतली, ती मोठ्या हौसेने. प्रत्येक विषयाला निराळा रंग, मथळे ठळक, आकृत्या रेखीव. रोज संध्याकाळचे दोन तास त्यातच जात, आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांचे कौतुक करी. पुस्तकातील परिच्छेद जसाच्या तसा कार्डाच्या मागे उतरविलेला असे. आवर्ती वर्गीकरणाच्या एकाच कार्डावर डोबेरायनरची त्रिके, न्यूलँडसची अष्टके, मेंडेलीव्हची सारणी आणि मोझलेचा शोध हे सगळे एकत्र नांदत होते. गणपतीच्या सुमारास एका मैत्रिणीकडून तिला मोबाइलवर कोणा अनोळखी विद्यार्थ्याने केलेली तयार कार्डे मिळाली, तीही तिने सामील करून घेतली. दिवाळीच्या सुटीत ती गावी गेली, तेव्हा उजळणी तहकूब झाली. परत आली तो मोबाइलवर शेकडो कार्डे मुदत उलटून उभी होती.

या पद्धतीचे खरे संकट येथे सुरू होते, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. रोज नवी कार्डे घेत राहिले की त्यांच्या परतफेरीच्या तारखा एकमेकींवर साचत जातात. ‘अँकी’त रोजची नवी कार्डे मुळात वीस ठरविलेली असतात, तेवढीच घेतली तरी काही आठवड्यांत रोजच्या उजळणीचा आकडा शंभरीच्या पलीकडे जातो, आणि चार दिवसांचा खाडा पडला की सारावसुलीतील थकबाकीप्रमाणे मागची बाकी चालू देण्यात मिसळून दोन्हींचा तगादा एकदमच लागतो. अशा वेळी बुद्धिमान विद्यार्थी जे करतो तेच तिने केले: वेग वाढविला. प्रश्न वाचावयाचा, मनात ‘हे येतंय’ म्हणावयाचे, कार्ड उलटावयाचे, ओळखीचे उत्तर पाहून मान डोलवावयाची, आणि ते ‘बरोबर’च्या ढिगात टाकावयाचे. थकबाकी कागदोपत्री फिटत होती. आठवण्याचा प्रयत्न मात्र एकदाही होत नव्हता.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. रिकाम्या जागा, जोड्या, एका वाक्यातली उत्तरे तिला बऱ्यापैकी जमली. ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘टिपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ येथे मात्र उत्तरे दोन ओळींत संपली होती. पेपर घेऊन ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “मामा, कार्डावर सगळं येत होतं मला. पेपर समोर आला की वाक्यच सुरू होत नाही.” मी तिची पेटी मागवून घेतली आणि ‘पक्की झालेली’ म्हणून बाजूस ठेवलेली कार्डे एकेक विचारू लागलो, ती उत्तराची बाजू माझ्याकडे धरून. भिंगाच्या शक्तीचे एकक तिने चटकन सांगितले, डायऑप्टर. परंतु नाभीय अंतर दोन मीटर असेल तर शक्ती किती, येथे ती थांबली. ०.५ डायऑप्टर, हे उत्तर पाहताच मात्र म्हणाली, “हे तर माहीत होतं मला!” पुढच्या कितीतरी कार्डांवर हेच घडले. उत्तर दिसल्यावर ते ओळखू येणे आणि ते दिसण्यापूर्वी स्वतः उभे करता येणे या दोन भिन्न शक्ती आहेत. परीक्षेच्या दालनात दुसरीच कामी येते, आणि तिने इतके महिने जोपासली होती ती पहिली.

म्हणून माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हा की, उत्तर तोंडाने उच्चारल्याविना किंवा कागदावर लिहिल्याविना कार्ड कधीही उलटू नये. न आठवण्याची ती अर्ध्या मिनिटाची अस्वस्थता मुलांना नकोशी वाटते, आणि नेमकी तीच फलदायी असते. नेट कॉर्नेल या संशोधकाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या, फ्लॅशकार्डांवरील प्रयोगांत शंभरातील नव्वदांना अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक फळली; तरीही पहिल्या बैठकीनंतर शंभरातील बहात्तर जणांना सलग घोकणेच अधिक परिणामकारक वाटत होते. स्वतःच्या अभ्यासाविषयीची आपली भावना अशा वेळी विश्वासार्ह नसते, हे मुलांना वारंवार सांगावे लागते, आणि ते चिडले तरी सांगावे.

त्या दिवसापासून आम्ही नवी कार्डे करणे बंद केले. मोबाइलवरची परकी कार्डे सरसकट रद्द केली, कारण जे प्रकरण तिने स्वतः समजून घेतले नव्हते, त्याची कार्डे म्हणजे नुसते शब्द होते. समजणे आधी, कार्ड नंतर. हा क्रम उलटला की पाठांतर कितीही पक्के झाले तरी प्रश्नाची भाषा किंचित बदलताच ते निरुपयोगी ठरते. थकबाकी सगळी वसूल करण्याचा हट्टही सोडला. तशी पाळी ज्याच्यावर येईल, त्याने अधिक गुणांची आणि आपल्याला कच्ची वाटणारी प्रकरणे निवडावी, बाकीची कार्डे सरळ बाजूला ठेवावी, आणि रोज झेपेल तेवढाच आकडा घ्यावा. राहिलेल्या कार्डांविषयी अपराधी वाटून घेण्यात वेळ दवडू नये. मोठी कार्डे आम्ही फोडली. आवर्ती वर्गीकरणाच्या त्या एका कार्डाची लहान लहान कार्डे झाली: मोझलेने वर्गीकरणाचा पाया म्हणून अणुअंकच का धरला, आधुनिक आवर्तसारणीत गण किती आणि आवर्त किती, मेंडेलीव्हने रिकाम्या जागा कशासाठी सोडल्या. एका कार्डास एकच प्रश्न, आणि शक्य तेथे ‘कोणता’ऐवजी ‘का’. ‘का’चे उत्तर देताना वाक्य रचावे लागते, आणि पेपरात अडले होते ते वाक्यच.

मोबाइलऐवजी मिठाईच्या एका खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. पहिला रोज, दुसरा तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, आणि पाचव्यास परीक्षेपूर्वी एकदा हात लावावयाचा, अशी तजवीज ठेवली. मोबाइलने हे काम अधिक अचूक होते, हे मला मान्य आहे. तथापि पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती अभ्यासासाठी दिलेला मोबाइल अभ्यासापुरताच राहत नाही, हे ज्या पालकांना ठाऊक आहे त्यांनी खोकेच वापरावे.

परंतु सगळ्याच विषयांत कार्डे चालत नाहीत, आणि हे जूनमध्येच ध्यानी घ्यावे. सूत्रे, व्याख्या, एकके, रासायनिक समीकरणे, इतिहासातील सनावळी, भूगोलातील भारत आणि ब्राझील यांच्यातील भेद, संस्कृतचे शब्द आणि विभक्तिरूपे यांना ती उत्तम. भूमितीच्या प्रमेयांस आणि बीजगणिताच्या उदाहरणांस ती जवळजवळ निरुपयोगी; तेथे वहीत पायरीपायरीने सोडविणे यास पर्याय नाही. निबंध आणि पत्रलेखन यांचेही तसेच. आमच्याकडे रोज खोक्यातून काढलेल्या कार्डांपैकी दोन बाजूस ठेवली जात, आणि त्यांवरील विषयांची तीन-तीन गुणांची पूर्ण उत्तरे घड्याळ लावून लिहावयाची असत. मंडळाची परीक्षा लेखी आहे, ही साधी गोष्ट कार्डे करणाऱ्या मुलांच्या विस्मरणात जाते.

भाचीचे विज्ञान या उपायांनी सावरले. इतिहासाचे मात्र तितके सावरले नाही, कारण त्याला लागणारा काळच उरला नव्हता. यासाठी काळाचा हिशेब आरंभीच मांडावा लागतो. सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन उजळण्यांतील हितकर अंतर त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के असते. परीक्षा वर्षभर दूर असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे सुमारे तीन ते पाच आठवडे. जूनमध्ये शिकलेल्या प्रकरणाची उजळणी जुलैत आणि पुन्हा दिवाळीपूर्वी व्हावयास हवी, ती जानेवारीपर्यंत लांबवून चालत नाही. धडा वर्गात शिकवून झाल्यावर त्याच आठवड्यात त्याची कार्डे करावी, ती करण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ देऊ नये, रंगरंगोटी टाळावी, आणि डिसेंबर संपताच नवी कार्डे बंद करावी. सुटीत गावी जाताना खोके बरोबर न्यावे. रोज वीस मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत.

घरच्या मोठ्या माणसांनी यात एक काम अवश्य पत्करावे, आणि ते म्हणजे विचारण्याचे. त्यासाठी विज्ञान यावे लागत नाही, कारण उत्तर कार्डाच्या मागे लिहिलेले असते. आमच्याकडे फेब्रुवारीत हे काम भाचीच्या मामीने केले, बहुधा रात्रीची जेवणे उरकल्यावर. विचारणाऱ्याने उत्तराची बाजू आपल्याकडे ठेवावी, पहिले अक्षर सुचवू नये, मुलगी अडखळली तर मनातल्या मनात तीसपर्यंत अंक मोजून होईतो गप्प राहावे, आणि तरीही न आल्यास न रागावता उत्तर वाचून दाखवून ते कार्ड पहिल्या कप्प्यात ठेवावे. पेपरच्या आदल्या संध्याकाळी केवळ त्या पहिल्या कप्प्यातली कार्डे विचारावी, आणि ती संपोत वा न संपोत, नऊ वाजता खोके बंद करून मुलांना झोपावयास पाठवावे.