चौकोनांतून उमटणारे वस्त्र
संगणकावरील बाहुलीचा पोशाख : रेखाटन आणि छटा

कागदाची बाहुली कापून तिच्यावर कागदी कपडे चढविण्याचा खेळ जुना आहे. संगणकाचा प्रसार झाल्यावर या खेळास नवे रूप लाभले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, पडद्यावरील बारीक चौकोन एकेक करून भरून काढलेल्या छोट्या बाहुल्या मुलामुलींत लोकप्रिय झाल्या. या चौकोनास ‘पिक्सेल’ म्हणतात आणि अशा बाहुलीस पिक्सेल-बाहुली. वरवर पाहता हा केवळ विरंगुळा आहे. परंतु बाहुलीच्या अंगावरील वस्त्र खरे वाटावयाचे असेल, तर प्रकाशाची दिशा, शरीराची ठेवण आणि कापडाचा स्वभाव या तिन्हींचे निरीक्षण करावे लागते. शाळेतील चित्रकलेच्या दृष्टीने या छंदाचे मोल येथेच आहे.

चौकोनांची जुनी ओळख

चौकोन मोजून आकृती साधण्याची रीत आपल्याकडे अपरिचित नाही. ठिपक्यांची रांगोळी, मोजून घातलेले भरतकाम आणि मागावरील नक्षी ही तिचीच रूपे होत. फ्रान्समधील जाकार याने १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला. सोलापूरच्या चादरीवरील नक्षी याच जातीच्या मागावर विणली जाते. त्यासाठी ती आधी आलेख कागदावर चौकोनाचौकोनाने मांडावी लागते. पुढे १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी एक छायाचित्र संगणकात उतरविले, तेव्हा ते आडवे १७६ व उभे १७६ चौकोन एवढेच होते.

थोड्या चौकोनांत पोशाखाचे काम किती मोठे असते, याचे उदाहरण १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या जपानी खेळात सापडते. त्यातील मारिओची आकृती इतकी लहान होती की केस काढण्यास जागा नव्हती, म्हणून शिगेरु मियामोतो यांनी त्यास टोपी दिली. हातांची हालचाल उठून दिसावी म्हणून सदरा आणि त्यावरील विजारीचे रंग परस्परविरोधी ठेवले. पोशाखाने अंगाचा आकार आणि हालचाल स्पष्ट करावी, हा पहिला धडा यातून मिळतो.

पूर्वतयारी

नवशिक्याने ३२ चौकोन रुंद व ६४ चौकोन उंच एवढी जागा घ्यावी. बाहुलीची उंची ६० आणि डोके ८ चौकोनांचे ठेवले, म्हणजे शरीर साडेसात डोक्यांचे होऊन प्रमाणबद्ध दिसते. बाहुली एका थरावर आणि वस्त्र त्यावरील स्वतंत्र थरावर काढावे, म्हणजे चूक पुसताना शरीर बिघडत नाही. ‘गिम्प’सारखे विनामूल्य साधन यास पुरेसे आहे. दुसऱ्याने तयार केलेली बाहुली घ्यावयाची असल्यास तिच्या कर्त्याची अनुमती घेणे अगत्याचे आहे.

बाह्यरेषा

रेषा एकाच चौकोनाच्या जाडीची असावी. वळणावर दोन चौकोन काटकोनात चिकटले की रेषा जाड व दातेरी दिसते, तेव्हा कोपऱ्यातील जादा चौकोन काढून टाकावा. तिरपी रेषा दोन-दोन चौकोनांच्या समान टप्प्यांनी न्यावी. गोलाईसाठी टप्पे पाच, तीन, दोन, एक असे क्रमाने कमी करावेत. जेथे वस्त्र घट्ट बसते, म्हणजे खांद्यावर व कमरेस, तेथे रेषा शरीरास टेकावी. जेथे ते सैल असते तेथे एकदोन चौकोन दूर राहावी. रेषेसाठी निव्वळ काळा न घेता कापडाच्याच रंगाची गडद छटा घ्यावी.

चार छटा

प्रथम संपूर्ण वस्त्र एका मूळ रंगाने भरावे. त्यानंतर प्रकाश कोठून येतो ते ठरवावे. डाव्या हाताकडून वरून येतो असे मानले, तर ते अखेरपर्यंत पाळावे. मूळ रंग, सावली, गडद सावली आणि उजळ छटा अशा चार छटा आरंभी पुरतात.

संगणकावर प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा यांच्या ० ते २५५ या प्रमाणांतून सिद्ध होतो. हिरव्या लुगड्यासाठी मूळ रंग ३०, १२०, ७० घ्यावा. सावलीसाठी २०, ८०, ७० आणि गडद सावलीसाठी १५, ५०, ६० ही प्रमाणे चालतील. उजळ छटा ९०, १६५, ८० अशी ठेवावी. येथे सावलीत नुसता काळा मिसळलेला नाही. सावली निळ्याकडे आणि उजेड पिवळ्याकडे झुकविला आहे, त्यामुळे रंग मळकट होत नाही. पैठणीच्या धूपछाव पोतातही उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून वस्त्र हलताच रंग पालटतो. अशा पैठणीचे चित्र काढताना सावलीसाठी त्या दुसऱ्या धाग्याचाच रंग घ्यावा.

चुणी कोठून निघते

छटा भरण्यातील खरी कसोटी चुण्यांची आहे. चुणी कोठेही पडत नाही. कापड जेथे धरले, खोचले वा ताणले जाते, तेथूनच ती निघते. म्हणून खांदा, कमर, कोपर आणि गुडघा ही ताणाची ठिकाणे आधी हेरावीत.

नऊवारी लुगड्याचे उदाहरण घेऊ. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर एवढे कापड कमरेशी गोळा झालेले असते. समोरच्या निऱ्या खोचलेल्या जागी एकेक चौकोनाच्या असाव्यात आणि खाली जाताना दोन व तीन चौकोन रुंद व्हाव्यात. कासोटा दोन पायांमधून मागे नेलेला असतो, म्हणून मांड्यांवरील चुण्या आतील बाजूस एकवटतात आणि तेथे गडद सावली येते. प्रत्येक निरीची प्रकाशाकडील कड उजळ व पलीकडील कड गडद करावी. पदराच्या कडेखाली चोळीवर गडद छटेची एक ओळ दिली, की पदर अंगावरून सुटा दिसू लागतो.

कापडाप्रमाणे चुणी बदलते. सुती कापडावर चुण्या पुष्कळ, आखूड व कोनदार असतात. रेशमावर त्या थोड्या व लांब असून उजेडाची रेघ बारीक व तेजस्वी असते. घोंगडीस जाड, मोजक्या घड्या पडतात आणि चकाकी मुळीच नसते. काठाची नक्षी सर्वांत शेवटी काढावी. निरी जेथे वळते तेथे काठही वळला पाहिजे. काठ सरळ पट्टीसारखा काढला, की सारे वस्त्र पुठ्ठ्याचे वाटते.

टाळावयाच्या चुका

कडेने चोहीकडे गडद आणि मध्ये उजळ अशी छटा भरणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. त्यात प्रकाशास दिशाच राहत नाही आणि वस्त्र उशीसारखे फुगलेले दिसते. फार छटा घेणे आणि मऊ कुंचल्याने रंग पुसट करणे हेही टाळावे. पूर्ण झालेले चित्र ‘पीएनजी’ स्वरूपात जतन करावे, कारण ‘जेपीईजी’ स्वरूपात शेजारच्या चौकोनांचे रंग एकमेकांत मिसळतात. चित्र मोठे करताना ते दुप्पट वा तिप्पट अशा पूर्ण पटींत, कडा न पुसणाऱ्या पद्धतीने करावे.

शाळेतील उपयोग

या अभ्यासासाठी प्रत्येक विद्यार्थ्यास संगणक मिळावा लागतो असे नाही. आलेख कागद आणि चार रंगीत पेन्सिली यांवरही वरील सर्व पाठ देता येतात. शाळेतील वा ग्रामपंचायतीच्या वाचनालयातील एकच संगणक असला, तरी तयार झालेली चित्रे पाळीपाळीने त्यावर उतरविता येतील. शासकीय रेखाकला परीक्षांतील स्मरणचित्र व संकल्पचित्र यांच्या तयारीसही हा सराव पूरक ठरेल.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तयार बाहुल्यांच्या संग्रहात झगे व विजारी सहज सापडतात. कासोट्याचे लुगडे, धोतर, बाराबंदी वा फेटा ही वस्त्रे कोणीतरी बसून काढल्याखेरीज तेथे येणार नाहीत. आणि ती काढावयाची, तर मुलास आजीपाशी बसून निरी कशी घेतात, कासोटा कोठे खोचतात, हे विचारावेच लागेल. फेट्याचा पहिला वेढा कोठून सुरू होतो, हे आजोबांकडून पाहून घ्यावे लागेल. नित्याच्या वापरातून मागे पडत चाललेले हे ज्ञान सांगणारी माणसे आज गावोगाव आहेत. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांपैकी एखाद्या आजींना एक दिवस वर्गात बोलवावे आणि लुगडे नेसण्याची रीत मुलांसमोर दाखविण्याची विनंती करावी. त्या दिवशी मुलांनी आलेख कागदावर घेतलेल्या नोंदी हाच या अभ्यासाचा उत्तम आरंभ ठरेल.