पाण्याचा खेळ, बंदुकीविना

गेल्या रंगपंचमीला माझ्या सहा वर्षांच्या भाच्याच्या डोळ्यात हातभर अंतरावरून पाण्याच्या बंदुकीची धार बसली. डोळा दोन दिवस लाल होता. डॉक्टरांची फी आणि औषध धरून सातशे रुपये गेले. बंदूक अडीचशेची, आणि तिचा चाप संध्याकाळपर्यंत तुटलाही. तेव्हापासून सोसायटीतल्या मुलांच्या पाण्याच्या खेळाचं सामान मीच आणते. पुढचे भाव पुण्यातल्या दुकानांतले आहेत, तेही अंदाजाने. तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

सगळ्यात पैसे वसूल झाले ते स्पंजच्या चेंडूत. तो घरीच करायचा. भांडी घासायचे मऊ स्पंज दहा-पंधरा रुपयांना एक मिळतात; हिरवी खरखरीत बाजू असलेले घेऊ नका. तीन स्पंजांच्या बोटभर रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापा, एकत्र रचा आणि बरोबर मध्यावर नायलॉनच्या दोरीने करकचून आवळा. दोरी सैल राहिली तर दुसऱ्या फेकीलाच पट्ट्या निसटतात, म्हणून एकाने पट्ट्या धरायच्या आणि दुसऱ्याने गाठ ओढायची. टोकं फुलून आपोआप गोळा होतो. एक चेंडू पन्नासच्या आत पडतो. असे पाच चेंडू आणि मधोमध पाण्याची बादली, एवढ्यावर आमची दहा मुलं तासभर आबाधुबी खेळतात. पाठीत बसला की फच्चकन आवाज होतो, लागत मात्र नाही. लगोरीही याच चेंडूने रंगते. बंदूक भरायची म्हटली की मुलं नळ वाहता सोडतात. इथे वीस लिटरची एक बादली, फार तर दोन. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल.

अजिबात खर्च नको असेल तर शीतपेयाची रिकामी बाटली घ्या आणि झाकणाला तापवलेल्या दाभणाने पाच-सहा भोकं पाडा. हे काम मोठ्यांनीच करायचं. तीन-चार वर्षांच्या मुलांना झाडांची झारी पुरते, शंभर ते दोनशे रुपयांना.

नेम धरायची हौस असलेल्या मोठ्या मुलांना पिचकारी द्या, पण नेम रिकाम्या डब्यांच्या उतरंडीवर, माणसावर नाही. प्लास्टिकची पंपाची पिचकारी पन्नास ते दीडशेला मिळते आणि एखादा हंगाम टिकते. पितळी पिचकारीला वजनाप्रमाणे पाचशे ते हजार मोजावे लागतात. माझं मत पितळीच्या बाजूने आहे. आत चामड्याचा वायसर असेल तर तो वाळून धार मंदावते. रात्रभर खोबरेल तेलात ठेवला की पुन्हा घट्ट बसतो.

हवा भरायचा छोटा टब पाच-सहाशेला येतो, पण मी तो सुचवणार नाही. शे-सव्वाशे लिटर पाणी लागतं, आणि लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. घेतलाच, तर खेळ संपेपर्यंत मोठ्या माणसाने शेजारून हलू नये.

खेळणं म्हणून विकत घ्याल त्यावर आयएसआय चिन्ह बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं आहे. बिलही मागाच. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा ठरते. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

खेळ संपला की बादलीतलं पाणी कुंड्यांना घाला. साठून राहिलं तर डास होतील. चेंडू घट्ट पिळून दोरीवर कडक उन्हात टांगा. ओले ठेवले तर दोन दिवसांत आंबूस वास येतो आणि मुलं त्यांना हात लावत नाहीत.