त्वचेची घडी, घाम आणि साखर

विद्यार्थी मित्रहो, एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन सारखे सुती रुमाल पाण्यात बुडवून सारखेच पिळा. एक दोरीवर पसरून वाळत घाला. दुसऱ्याच्या चार घड्या करून तो त्याच्या शेजारीच ठेवा. तासाभराने पहिला रुमाल बराचसा वाळलेला असेल. दुसरा उलगडून पाहिलात, तर तो आतून ओलाच लागेल. पाणी तेवढेच, हवा तीच. फरक फक्त उघड्या पृष्ठभागाचा. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, हे तुम्ही शिकलाच आहात.

आता हाच नियम आपल्या शरीराला लावू. काख, जांघ, पोटाची वळी आणि स्त्रियांच्या स्तनांखालची जागा या ठिकाणी त्वचा त्वचेला टेकलेली असते. त्या घडीत घाम येतो, पण वाळत नाही. एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेतून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. घडीत ते होत नाही; म्हणून ती जागा ओली तशीच उबदारही राहते. भिजलेली त्वचा मऊ पडते आणि हालचालीबरोबर एकमेकींवर घासून सोलवटते. लाली येते, आग होते, खाज सुटते. याला कोणाची अस्वच्छता कारण नसते. कारण भौतिकशास्त्राचे आहे.

बिनबोलावलेला पाहुणा

सोलवटलेल्या ओल्या त्वचेवर पुष्कळदा एक किण्व वाढू लागते. त्याचे नाव कॅन्डिडा आल्बिकन्स. पाव फुगविणाऱ्या यीस्टचा हा दूरचा नातेवाईक. निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही तो थोड्या संख्येने असतो, पण एरवी उपद्रव देत नाही. ऊब, ओल आणि दुबळी झालेली त्वचा मिळाली, की मात्र तो फोफावतो. मग घडीतला चट्टा लालभडक होतो आणि त्याच्या कडेबाहेर बारीक बारीक पुटकुळ्या दिसतात.

साखरेचा संबंध काय?

मधुमेह असलेल्या व्यक्तीला हा त्रास अधिक होतो व पुन्हा पुन्हा होतो. रक्तातील साखर बराच काळ वाढलेली राहिली, की जंतूंना गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. पहारेकरी पेंगुळला, की चोराचे फावते, तसेच हे. शिवाय जखम भरून यायला वेळ लागतो.

म्हणून केवळ मलम लावून भागत नाही. साखर आटोक्यात नसेल, तर बरा झालेला चट्टा पुन्हा उठतो. कधी कधी तर मधुमेह आहे हेच ठाऊक नसते आणि वारंवार उठणारा हा चट्टा त्याची पहिली खूण ठरतो. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर असणे स्वाभाविक मानतात. ती १२६ किंवा त्याहून अधिक असेल आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसेच आढळले, तर तो मधुमेह होय.

डॉक्टर कसे ओळखतात?

प्रत्येक लाल चट्टा म्हणजे नायटा नव्हे. शंका असल्यास डॉक्टर त्वचेचा किंचित खरवडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्वचेतील केराटिन या अल्कात विरघळते. किण्वाची कायटिनयुक्त भित्तिका मात्र टिकते. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी व तंतू स्पष्ट दिसतात. घडीतले काही चट्टे जीवाणूंमुळे होतात. त्यांपैकी एका प्रकारचा चट्टा अतिनील किरणांखाली पोवळ्यासारखा लाल चमकतो!

मातीतून मिळालेले औषध

किण्वावरचे एक जुने औषध म्हणजे नायस्टॅटिन. एलिझाबेथ हेझेन व रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन संशोधिकांनी एका शेतातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळविले आणि १९५० साली जाहीर केले. त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करीत, म्हणून 'न्यूयॉर्क स्टेट' यावरून औषधाचे नाव पडले. किण्वाच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. नायस्टॅटिन त्याला चिकटून पटलाला भोके पाडते. आपल्या पेशीपटलात त्या जागी कोलेस्टेरॉल असते, म्हणून त्वचेला इजा होत नाही. क्लोट्रिमाझोलसारखी नंतरची औषधे हे अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत.

घरी काय करावे?

१. ती जागा रोज सौम्य साबणाने धुवावी. नंतर मऊ कापडाने टिपून कोरडी करावी, घासू नये.

२. आतले कपडे सुती व मापाचे असावेत. घामाने भिजले, की बदलावेत. पावसाळ्यात दमट कपडे अंगावर चढवू नयेत.

३. घडीत मऊ, स्वच्छ, कोरड्या सुती कापडाची पट्टी ठेवावी व ती ओली होताच बदलावी.

४. सुवासिक पावडर, लिंबू किंवा जंतुनाशकाचे तीव्र द्रावण लावू नये.

५. दुकानातून मनाने मलम आणू नये. त्यात स्टेरॉइड असल्यास लाली तात्पुरती दबते, पण किण्व वाढतच राहते आणि त्वचा पातळ होते. डॉक्टरांनी दिलेले मलम चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पूर्ण लावावे.

ताप, पू, दुर्गंधी किंवा झपाट्याने पसरणारी वेदनायुक्त सूज असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्तनाग्रावरचा न भरणारा चट्टा वेगळ्या आजाराचा असू शकतो, तोही दाखवावाच.

आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया हा त्रास लाजेपोटी वर्षानुवर्षे अंगावर काढतात. डॉक्टरांनाही सांगत नाहीत. शिक्षकांनी शरीरविज्ञान शिकवताना या घडीचाही उल्लेख करावा. आणि मित्रहो, रुमालाचा प्रयोग घरात सर्वांसमोर करा व त्याचे कारण समजावून सांगा. ज्या गोष्टीचे कारण कळते, तिची लाज वाटत नाही. आणि लाज गेली, की साखर तपासायला जाणे सोपे होते.